कुंपणाचं सील

आमच्या सांता एदुविहेसमध्ये माणूस सकाळी गेला तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याला मूठमाती मिळते, पण घराला कुंपण घालायचं म्हटलं तर अर्जाची सुटका लवकर होत नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. आमच्या नगरपालिकेत सहा महिन्यांनी फक्त कुठल्या खिडकीसमोर थांबायचं ते कळतं.

मला कुंपणाची हौस नव्हती. मी शाळेचे गणवेश शिवून पोट भरते, अंगणात चार कोंबड्या आणि एक लिंबाचं झाड, त्यात चोरण्यासारखं काही नाही. पण माझे बाबा, अबुंदिओ, ऐंशीच्या पुढे गेले आणि त्यांच्या डोक्यातलं कॅलेंडर मागे फिरायला लागलं. रोज सकाळी टोपी घालून, पाण्याची बाटली काखेत मारून ते मळ्यावर जायची बस पकडायला निघायचे. तो मळा विकला गेला तेव्हा मी अजून तरुण होते, आणि ती बस तर त्याच्याही आधी बंद झाली. रस्ता नेमका आमच्या दारासमोर वळतो. त्या वळणावरून अननसाचे ट्रक असे येतात, जणू ड्रायव्हरच्या घरी दूध उतू चाललंय.

दाराला कुलूप लावून पाहिलं. बाबा दारामागे उभे राहून दिवसभर विचारत राहिले की आपण काय गुन्हा केला. तिसऱ्या प्रहरी रडायला लागले. मी कुलूप काढलं आणि ते डबक्यात फेकून दिलं, कारण मलाही रडू आवरेना.

मग मार्चमध्ये ते घडलं. बाबा वळणावर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला, बाबांना खरचटलंही नाही, पण अर्धा ट्रक अननस रस्त्यावर सांडले. बघता बघता आख्खी आळी टोपल्या घेऊन धावली. बाबा त्या अननसांच्या मधोमध उभे राहून सगळ्यांना बजावत होते की ढकलाढकली नको, रांगेत या, ओळखपत्र हातात ठेवा. लोक हसले. मीही हसले, आणि घरी येऊन बाबांना कुठे लागलंय का ते तीनदा तपासलं.

ही बातमी राजधानीत माझ्या भावाला, ओल्मानला, माझ्याआधी कुणीतरी कळवली. ओल्मान बँकेत आहे. तो वाईट नाही, पण त्याला प्रत्येक गोष्टीला शेवटची तारीख लागते. त्याने फोनवर सांगितलं की राजधानीजवळच्या एका वृद्धाश्रमात बाबांसाठी खाट मिळतेय. ऑगस्टमध्ये, आमच्याकडच्या मातृदिनाला, तो येईल. तोवर घराला नीट कुंपण झालं असेल तर ठीक, नाहीतर बाबांना तो गाडीत घालून घेऊन जाईल. बापाला न्यायला मातृदिन निवडावा, ही त्याचीच अक्कल. मी भांडले नाही. बाबांना तिथे नेलं तर महिनाभरात ते संपतील असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यामागे मी या घरात कुणासाठी चूल पेटवली असती ते मला सुचत नव्हतं.

तर मी नगरपालिकेत गेले. खिडकीमागे येसेनिआ पेरू खात बसली होती. तिने मला नियम सांगितले. पुढच्या बाजूचं कुंपण भरीव असेल तर एक मीटर उंच. त्याच्यावर हवं असेल तर शंभरातले ऐंशी भाग पलीकडचं दिसलं पाहिजे. नकाशा पाहिजे, मालकाची सही पाहिजे, आणि रस्ता मोठा असल्यामुळे रस्ते खात्याची रेषा पाहिजे. रस्ते खात्यात गेले तर ते म्हणाले की आधी नगरपालिकेचा कागद आणा, मग रेषा देऊ. मी परत आले. येसेनिआ म्हणाली की रेषा आणल्याशिवाय कागद कसा देणार. तिचा पेरू संपला होता. मी तिला विचारलं की कोंबडी आधी की अंडं, तर ती म्हणाली की कोंबड्यांसाठी खिडकी वेगळी आहे.

आणि कुंपण कशाचं हा प्रश्न होताच. अर्जावर लाकूड, लोखंड, सिमेंट आणि जाळी एवढेच पर्याय. मला आमच्या पद्धतीचं हवं होतं, जिवंत खांबांचं. गिरीपुष्पाच्या जाड फांद्या तोडायच्या, रांगेने पुरायच्या आणि त्यांना काटेरी तार ठोकायची. खांब मूळ धरतात, त्यांना पालवी फुटते, कुजायचं नाव नाही. आमच्या भागात आज्यापणज्यांपासून अशीच कुंपणं आहेत. येसेनिआने बराच विचार केला आणि ‘इतर’ या रकान्यात फुली मारली. त्या फुलीनेच पुढे सगळा घोळ केला.

आठवडे गेले. बाबा आणखी दोनदा रस्त्यावर सापडले. शेवटी शेजारच्या तोबिआसने मला शहाणपण शिकवलं. तोबिआस मनाने सोनं आहे, पण कायद्याच्या बाबतीत त्याची धाव म्हणजे सरड्याची धाव. तो म्हणाला, "अगं, सुका खांब पुरला तर ते बांधकाम. ओली फांदी पुरली तर ती झाडं लावणं. झाडं लावायला कुणी परवानगी मागतं का?"

मला ते इतकं पटलं की मी त्याला त्याच क्षणी कुऱ्हाड घ्यायला सांगितलं. तर हा म्हणतो, आज नाही, चंद्र अजून चढतोय. चढत्या चंद्रावर तोडलेली फांदी पुरली तर मूळ धरत नाही, कीड लागते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तेव्हा नगरपालिकेनंतर मी चंद्राची वाट पाहिली. एकदाचा चंद्र उतरणीला लागला. तोबिआसने आपल्याच बांधावरच्या फांद्या तोडल्या आणि आम्ही दोघांनी पुढच्या बाजूला बरोबर एक मीटर उंचीचे खांब पुरले. मध्ये फाटकापुरती जागा सोडली. फाटक लोहाराकडून आधीच आणून मागे टेकवून ठेवलं होतं. तार उद्या ठोकू, असं म्हणून तोबिआस जेवायला गेला.

तार ठोकायचा उद्या उजाडला, पण त्याच्याबरोबर ग्रेविनही उजाडला. ग्रेविन नगरपालिकेचा निरीक्षक. त्याच्या शाळेच्या सगळ्या विजारी मी शिवल्या आहेत. तो मोटरसायकल उभी करून किती तरी वेळ हेल्मेटच काढेना. मग म्हणाला की मावशी, रस्ते खात्याच्या साहेबाने गाडीतून जाताना पाहिलं, मला सील करावंच लागेल. मी त्याला तोबिआसचं तत्त्वज्ञान ऐकवलं. तो म्हणाला की झाडं अशी सुतळी ताणून एका रेषेत लावत नाहीत. मी म्हटलं की तुझ्या शाळेच्या रांगेपेक्षा तर वाकडीच आहेत. पण त्याने पिवळी फीत काढलीच. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या खांबांवरून नेली, फाटकाच्या मोकळ्या जागेतूनही नेली, आणि दोन्ही बाजूंच्या खांबांवर प्लास्टिकमध्ये घातलेला, सहीशिक्क्याचा कागद चिकटवला. नगरपालिकेचं सील.

नियमाप्रमाणे सीलचा आदेश मालकाला वाचून दाखवावा लागतो. घर बाबांच्या नावावर आहे. बाबा तेव्हा बाटली काखेत मारून निघायच्याच तयारीत होते. ग्रेविन त्यांच्यासमोर उभा राहिला आणि त्याने मोठ्याने वाचलं की हे सील अधिकृत आहे, आदेशाशिवाय कुणीही ते ओलांडू, फाडू किंवा हलवू नये, तसं करणं गुन्हा आहे. बाबांनी टोपी काढली. आदेश संपेपर्यंत ते पाठ ताठ करून ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "मोजणी कधी आहे?"

ग्रेविनला काही कळलं नाही. त्याने आपलं सरकारी उत्तर दिलं, "वरून आदेश आला की."

"ठीक आहे," बाबा म्हणाले. "तोवर मी इथे आहे."

त्यांनी पडवीतली खुर्ची उचलली, फितीच्या आतल्या बाजूला नेऊन ठेवली आणि तिच्यावर बसले.

इथे मला एक सांगायला हवं. माझे बाबा आयुष्यभर मळ्यावर राबले, पण दर चार वर्षांनी एक दिवस ते राबणारे नसत. त्या दिवशी पांढरा सदरा घालून ते गावच्या शाळेत मतदानाच्या टेबलाचे अध्यक्ष म्हणून बसत. रांग तेच लावत, ओळखपत्र तेच तपासत, आणि संध्याकाळी मतांचं पोतं सील करून तालुक्याला तेच पोचवत. एका वर्षी नदीला पूर आला तर पोतं डोक्यावर घेऊन पलीकडे गेले. चपला वाहून गेल्या, पण सीलला ओल लागू दिली नाही. गावात त्यांचं मत कुणाला जातं हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही, माझ्या आईलाही नाही. ती याच गोष्टीवर त्यांच्याशी आठवडा आठवडा अबोला धरायची.

त्या दिवसापासून बाबा रस्त्यावर गेले नाहीत. सुंठीवाचून खोकला गेला. सकाळी उठायचे, पांढरा सदरा मागायचे, दाढी करायचे, खुर्चीवर जाऊन बसायचे. संध्याकाळी दोन्ही खांबांवरचे कागद जवळून निरखायचे, फीत बोटाने चाचपायचे आणि मला सांगायचे की सगळं जसंच्या तसं आहे. मी मान डोलवायची. ते मला ओळखत होते असं नाही. मी त्यांच्या लेखी मतदान केंद्रावर जेवण आणणारी बाई होते. पण गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचे डोळे कुणालातरी शोधत नव्हते. त्यांना जिथे असायला हवं होतं तिथेच ते होते.

अडचण एवढीच की ते स्वतः बाहेर जात नव्हते तसे दुसऱ्या कुणाला आतही येऊ देत नव्हते. पाववाल्याला त्यांनी फितीपलीकडून पाव द्यायला लावला, आणि पिशवी उघडून पाहिल्यावरच घेतला. पाद्रीबाबा आशीर्वाद द्यायला आले तर त्यांना सांगितलं की केंद्राजवळ प्रचार करता येत नाही. गणवेशाचं माप द्यायला येणाऱ्या बायका रस्त्यावर उभ्या राहायच्या आणि मी फितीवरून टेप टाकून त्यांच्या मुलांची मापं घ्यायची. मला स्वतःला बाजारात जायचं असलं की मागे तोबिआसच्या गोठ्यातून वाकून जायचं. एकदा मी घाईत फितीखालून निघाले, तर बाबांनी काठी आडवी घातली आणि मला समज दिली की पुन्हा असं झालं तर टिपणात नोंद करावी लागेल.

जेवणाचीही एक रीत होती. पहिल्याच दिवशी मी चिकन घातलेला भात नेला, निवडणुकीच्या दिवशी सगळे पक्ष तोच वाढतात. बाबांनी ताटाला हात लावला नाही. "हे कुठल्या पक्षाचं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुठल्याच नाही, घरचं आहे. त्यावर त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि मग जेवले. हा प्रश्न ते रोज विचारायचे, आणि मी रोज तेच उत्तर द्यायची.

म्हणजे कुंपण न होताच माझं काम झालं होतं. कुलूप लावलं की बाबा कैदी व्हायचे, सील लावलं की साहेब झाले. आता मला परवानगी नकोच होती. पण ज्या नगरपालिकेची फाइल कधी टेबलावरून हलली नाही, तिच्या फाइलला नेमके तेव्हाच पाय फुटले.

पाय फाइलला फुटले त्याआधी खांबांना पालवी फुटली. पावसाळा होता, चंद्र उतरणीचा होता, तोबिआसचा हात चांगला होता. जूनमध्ये ग्रेविन सील तपासायला आला आणि खांबांकडे बघतच राहिला. त्याने टेप काढली. म्हणाला, मावशी, काम चालू ठेवलंय तुम्ही.

मी विचारलं, कुठलं काम.

तर म्हणाला की कुंपण एक मीटर होतं, आता वीतभर वाढलंय. मी त्याला सांगितलं की बाळा, हे देवाने वाढवलंय. त्यावर त्याने शांतपणे विचारलं की मग देवाची परवानगी दाखवा. ‘इतर’मध्ये फुली आहे, ‘इतर’ची उंची टोकापर्यंत मोजतात, आणि टोक म्हणजे पान धरून. मी म्हटलं की मग कापते, आण ती कात्री. तर म्हणतो सील असताना खांबाला हात लावता येत नाही, पानालाही नाही. वाढू द्यायचं नाही, कापायचंही नाही. मी त्या दिवशी ग्रेविनला जे बोलले ते त्याच्या आईला, लुझमिल्डाला, कळू नये म्हणून मी तिच्याकडचं रविवारचं जाणंच बंद केलं. बाबांनी मात्र ग्रेविनची बाजू घेतली. ते म्हणाले की अधिकाऱ्याशी असं बोलत नाहीत, बाई.

ग्रेविनने नवा नकाशा मागितला. मी रागाच्या भरात त्याच आठवड्यात तो काढून दिला. पालवीसकट उंची दीड मीटर, वरचं सगळं पलीकडचं दिसेल असं. आणि काय सांगू, रस्ते खात्याने रेषा दिली, येसेनिआने शिक्का मारला, नगरपालिकेच्या इंजिनिअर बाईंनी सही केली. मी देवळात मेणबत्त्या लावत होते तेव्हा काही हललं नाही, आणि शिव्या दिल्यावर सगळं धडाधड मंजूर झालं.

मातृदिनाला सकाळी ओल्मान आला. आईच्या कबरीवर फुलं घालून तो थेट घरापाशी आला आणि फितीबाहेर गाडी उभी केली. बरोबर बाबांसाठी घेतलेली नवी सूटकेस होती. मी आतून हात धुऊन येईपर्यंत ग्रेविनही मोटरसायकलवरून उतरला. त्याच्या हातात प्लास्टिकमध्ये मंजुरीचा कागद होता. तो बिचारा आनंदाने आला होता. त्याला वाटलं की मावशीला सणाची भेट द्यावी.

ओल्मानने कागद वाचला. त्याने विचारलं की तार आणि फाटक लागायला किती दिवस. ग्रेविन म्हणाला की सील काढल्यावर आठवडा, पावसावर अवलंबून. ओल्मान म्हणाला की खाट आज संध्याकाळपर्यंतच धरून ठेवलीय, आठवडा नाही. मग त्याने आवाज खाली आणला आणि मला म्हणाला, "मारिएलोस, मला रोज सकाळी फोन वाजला की वाटतं, ट्रक आला. मी आता हे सहन करू शकत नाही गं."

मला त्याच्यावर चिडता आलं नाही. त्याचा चेहरा बाबांसारखा झाला होता, गेल्या दोन वर्षांतल्या बाबांसारखा.

तो फितीपाशी गेला आणि म्हणाला, बाबा, चला, गाडी आणलीय. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांनी त्याला सांगितलं की सील तोडून बाहेर पडता येत नाही, मोजणी झालेली नाही, आणि तुम्ही मत द्यायला आला असाल तर आधी रांगेत उभे राहा. ओल्मानने वाकून फितीखालून आत यायचा प्रयत्न केला. काठी आडवी आली. बँकेच्या शाखेचा उपव्यवस्थापक, इस्त्रीचा शर्ट, हातात सूटकेस, तसाच वाकलेला राहिला. मग मुकाट्याने मागे सरला आणि खांबापाशी एकटाच रांगेत उभा राहिला.

पण ग्रेविनला सील काढायचंच होतं. आणि सील निघालं की बाबांचं काम संपणार होतं. काम संपलं की त्यांना कुणीही हात धरून कुठेही नेलं असतं, आश्रमात काय आणि ट्रकसमोर काय. हे लक्षात आलं तशी मी पुढे गेले आणि ग्रेविनला म्हटलं की सील काढण्याआधी नकाशाप्रमाणे आहे का ते मोजायला नको का.

तो म्हणाला, "मोजतो की. दीड मीटरपर्यंत मंजूर आहे, त्याच्या आतच असेल."

त्याने टेप काढली. पहिला खांब दीड मीटरच्या आत. दुसराही आत. रात्रभर पाऊस झोडपून गेला होता, सगळ्या फांद्या पाण्याने वाकल्या होत्या, पानं खाली बघत होती. तिसरा आत, चौथा आत. मी मनात म्हटलं की कुंपणानेच शेत खाल्लं ते हे असं. ज्या खांबांना मी पाणी घातलं तेच आज खाली मान घालून उभे होते.

शेवटचा खांब फाटकाजवळचा होता, बाबांच्या खुर्चीपाशी. ग्रेविन टेप घेऊन गुडघ्यावर बसला. मी त्या खांबाच्या पलीकडे उभी राहिले आणि सर्वात उंच फांदीचं वाकलेलं टोक दोन बोटांनी धरून वर उचललं. पानांवरचं पाणी माझ्या बाहीत ओघळलं. ग्रेविनची टेप वर सरकत आली, दीड मीटर ओलांडून आणखी चार बोटं वर गेली, आणि माझ्या नखाशी येऊन थांबली.

त्याने माझ्या बोटांकडे पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं. बाबा उठून उभे राहिले होते, पांढरा सदरा, टोपी काखेत, अधिकारी मोजतोय म्हणून. मग त्याने रांगेत उभ्या असलेल्या ओल्मानकडे पाहिलं. या गावात उपव्यवस्थापक माणूस रिकाम्या रस्त्यावर एकटा रांगेत उभा असलेला त्यानेही कधी पाहिला नसावा.

"पान धरून मोजतात ना रे?" मी विचारलं. फांदी मी सोडली नाही.

ग्रेविनने घसा साफ केला. "पान धरूनच," तो म्हणाला. त्याने मंजुरीच्या कागदावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं की उंची नकाशापेक्षा जास्त, नवा नकाशा सादर होईपर्यंत सील कायम. मग बाबांसमोर उभा राहून त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. नंतर पिशवीतून नवा कागद काढून जुन्या, भिजून फिकट झालेल्या सीलवर चिकटवला आणि अंगठ्याने दाबून बसवला.

बाबांनी कागद जवळून पाहिला. "व्यवस्थित आहे," ते म्हणाले.

आयुष्यात मी नगरपालिकेला इतके आशीर्वाद कधी दिले नव्हते. ग्रेविन हेल्मेट घालताना मला हळूच म्हणाला की मावशी, नव्या नकाशाची घाई करू नका, येसेनिआ पुढच्या महिन्यात बाळंतपणाच्या रजेवर जातेय. मी त्याला म्हटलं की तुझ्या आईला सांग, मी रविवारी येते.

ओल्मान अजून रांगेतच होता. बाबांनी चष्मा पुसून त्याचं ओळखपत्र मागितलं तेव्हा त्याने पाकिटातून काढून दिलं. बाबांनी नाव वाचलं, ते वाचताना त्यांचे ओठ हलले, आणि त्यांनी ते परत दिलं. म्हणाले की तुमचं नाव या केंद्राच्या यादीत आहे, पण मतदान संपलं, पुढच्या वेळी लवकर या. ओल्मानने मान डोलवली. मग तो गाडीपाशी जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलला. मला एवढंच ऐकू आलं की ती खाट दुसऱ्या कुणाला द्या.

मी आत जाऊन भात वाढून आणला. मातृदिन होता म्हणून चिकन जास्त घातलं होतं. एक ताट बाबांना दिलं, एक फितीवरून ओल्मानला. तो खांबाला टेकून, सूटकेसवर बसून जेवायला लागला. बाबांनी आज पक्ष विचारला नाही. भुकेले होते. चार घास खाल्ल्यावर ते थांबले, ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, तुम्ही हा भात आमच्या मारिएलोसकडून शिकलात का?" ते म्हणाले. "तिच्या हातची चव आहे ही."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. ओल्मानने तोंड रस्त्याकडे वळवलं आणि बराच वेळ चमचा तसाच धरून बसला.

"चांगली मुलगी आहे," बाबा म्हणाले. "पुढच्या निवडणुकीला तिलाही टेबलावर बसवणार आहे."

मी बाहीने डोळे पुसले आणि आणखी थोडा भात वाढायला पातेलं पुढे केलं. बाबांनी ताटावर हात आडवा धरला.

"आधी सांगा," ते म्हणाले, "हे कुठल्या पक्षाचं?"